चाचणीची नोंद कोणी पुसली?

१

शनिवारी सकाळी थोरल्याने दुकान उघडलं, मागच्या खोलीतला कॉम्प्युटर सुरू केला आणि पाच मिनिटांत तो बाहेर येऊन काउंटरला धरून उभा राहिला. वर्षभराची नोंद नाहीशी झाली होती.

मी तेव्हा काउंटरसमोरच्या स्टुलावर बसलो होतो. माझा जुना कॉम्प्युटर दुरुस्तीला पडून होता आणि तो कधी मिळेल हे विचारायला मी चौथ्यांदा आलो होतो. विचारायचा धीर होत नव्हता, म्हणून नुसता बसलो होतो.

हे दुकान दोघा भावांचं. थोरला हिशेब आणि गिऱ्हाईक बघतो, धाकटा यंत्रं उघडतो. थोरल्याने अकरा वर्षांपूर्वी इंटरनेटवर एक कट्टा सुरू केला. कॉम्प्युटर, मोबाइल आणि तत्सम वस्तूंवर बोलायला ही जागा आहे असं वर लिहिलेलं आहे. प्रत्यक्षात तिथे बोलत कोणी नाही, सगळे एकमेकांची कीव करतात. कॉम्प्युटर ज्या प्रणालीवर चालतो तिच्या चिन्हावरून तीन तट पडले आहेत: खिडकीवाले, सफरचंदवाले आणि पेंग्विनवाले. ज्याने जी प्रणाली घेतली ती सोडून बाकीचं जग अडाणी आहे, एवढ्या एकाच मुद्द्यावर तिघांचं एकमत आहे.

खिडकीवाल्यांचे पुढारी साहेब. विमा कंपनीतून मोठ्या पदावरून निवृत्त झालेले. "फुकट मिळालेल्या वस्तूची लायकी तिच्या किमतीएवढीच असते," हे त्यांचं आवडतं वाक्य, ते पेंग्विनवाल्यांसाठी. सफरचंदवाल्यांच्या पुढारी फोटोवाल्या बाई. त्यांनी साहेबांना एकदा विचारलं होतं, "तुमचा कॉम्प्युटर चहा होईपर्यंत सुरू होतो, की कप धुऊन ठेवेपर्यंत?" आणि पेंग्विनवाल्यांचा पुढारी खुद्द धाकटा. "बाई," तो लिहायचा, "ज्या यंत्राचा स्क्रू काढायला कंपनीला विचारावं लागतं, त्याला तुम्ही स्वतःचं म्हणता. भाड्याच्या घरात राहून पाटीवर नाव लावण्यातला प्रकार आहे."

गेल्या वर्षी हे भांडण विकोपाला गेलं तेव्हा थोरल्याने तोडगा काढला. वर्गणी काढून एकाच किमतीची तीन यंत्रं घ्यायची, तिन्हींवर तीन प्रणाली घालायच्या, वर्षभर रोज तेच काम करायचं आणि दुकान बंद करताना कोणाचं काय झालं ते त्याने लिहायचं. निकाल रविवारी पाच वाजता लागणार होता. ती नोंद गेली होती. लोकांना रोज बॅकअप घ्यायला सांगणाऱ्या थोरल्याची दुसरी प्रत त्याच कॉम्प्युटरला जोडलेल्या डबीत होती. तीही गेली होती.

"नुसती पुसलेली नाही," थोरला म्हणाला. तो माझ्याकडे बघून बोलत होता, पण मला सांगत नव्हता. "वर रद्दी लिहून मग पुसली आहे. परत काढता येऊ नये म्हणून. आणि माझा पासवर्ड मला एकट्यालाच माहीत आहे."

मग त्याने घड्याळाकडे बघितलं, भिंतीवरच्या नव्हे, पडद्याच्या कोपऱ्यातल्या. ते कित्येक तास मागे होतं.

धाकटा दहा वाजता आला. त्याच्या आधीच थोरल्याने कट्ट्यावर लिहून टाकलं होतं: "नोंद चोरीला गेली. यंत्र पेनड्राइव्हवरून पेंग्विनवर सुरू केलं गेलं, म्हणून पासवर्ड लागला नाही आणि घड्याळ मागे गेलं. हे कोणाला जमतं ते मी सांगायला नको. घरचाच माणूस आहे, म्हणून लाज वाटते."

धाकट्याने ते दारातच मोबाइलवर वाचलं.

"दादा, हे तू लिहिलंस?"

"उद्या पाचपर्यंत सगळ्यांसमोर कबूल कर," थोरला म्हणाला. "नाहीतर सोमवारपासून या दुकानात पाऊल ठेवू नकोस."

२

 धाकटा मागच्या खोलीत गेला आणि हत्यारं पेटीत भरायला लागला.

दुकानावरच भावांचं घर आहे. थोरल्याची बायको, आम्हा सगळ्यांच्याच वहिनी, जिन्यावरून खाली आल्या आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "काका, तुम्ही कट्ट्यावरचं सगळं वाचता ना?"

मी हो म्हणालो. खरं तर हे माझं गुपित आहे असं मला वाटत होतं. मी ग्रंथालयात छत्तीस वर्षं काढली आणि आता कट्टा वाचतो. अकरा वर्षांत एक ओळ लिहिलेली नाही. लिहितो, पण पाठवण्याआधी खोडतो.

"मग तुम्हीच बघा काहीतरी. हे दोघं एका ताटात जेवलेले आहेत हो. आता एक जण तोंड फिरवून बसलाय आणि दुसरा पेटी भरतोय."

"अहो, मला रहस्यकथेतला गुन्हेगारसुद्धा शेवटच्या पानाच्या आधी कधी ओळखता आलेला नाही."

"इथे कुठे पानं आहेत? उद्या पाचपर्यंत वेळ आहे."

शुक्रवारी संध्याकाळी तिन्ही पुढारी दुकानात आले होते. निकालाच्या आधी तिन्ही यंत्रांवर कागद चिकटवून सह्या करायच्या होत्या. त्या दोन तासांत तिघेही वेगवेगळ्या वेळी मागच्या खोलीत जाऊन आले होते, हे वहिनींना आठवत होतं. बाई कॅमेऱ्याची बॅटरी चार्ज करायला, साहेब फोनवर बोलायला, धाकटा एका गिऱ्हाइकाच्या यंत्रातली सुटलेली तार डाग देऊन जोडायला. प्रत्येक जण पंधरा-वीस मिनिटं आत होता.

मी आधी धाकट्याकडे गेलो. तो पेचकस आकाराप्रमाणे लावत होता.

"तुम्ही काय पोलिसात लागलात, काका?"

"वहिनींनी सांगितलं म्हणून…"

"दादाने वहिनीला विचारून लिहिलं असतं तर बरं झालं असतं." त्याने एक पेचकस पुसला. "त्याला घड्याळ दिसलं आणि चोर सापडला. अकरा वर्षांत त्या कट्ट्यावर समजावून सांगून कोणाला काही पटलेलं बघितलंत तुम्ही? मग आता कशाला तोंड वाजवू?"

"पण तू केलेलं नाहीस ना?"

त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी पुढचा प्रश्न गिळला. दारापर्यंत गेल्यावर तो मागून म्हणाला, "आणि काका, तुमचा कॉम्प्युटर आजच घेऊन जा. सोमवारनंतर तो दादाच्या हातात पडेल, मग त्याचं देवच बघेल."

३

फोटोवाल्या बाईंचा स्टुडिओ दोन गल्ल्या सोडून आहे. त्या पांढऱ्या पडद्यासमोर एका चपलेचे फोटो काढत होत्या. मी कशासाठी आलोय ते सांगितल्यावर त्या मनापासून हसल्या.

"चोरी करायला मी त्या खोलीत जाऊ? काका, तिथल्या कीबोर्डला हात लावायच्या आधी मी हातमोजे घालीन."

"तुम्ही बॅटरी लावायला गेला होतात."

"लावली, मोबाइल बघत बसले, काढली. त्या खोक्याकडे बघितलंसुद्धा नाही. मुळात ते पेंग्विन प्रकरण मला येतं कुठे? काळा पडदा, पांढरी अक्षरं, आणि पुढे माणूस मंत्र म्हटल्यासारखा आज्ञा टाइप करतोय. माझ्या भाच्याने पंधरा वर्षांपूर्वी दाखवलं होतं, त्यानंतर मला आठवडाभर डोकेदुखी होती."

"पण निकाल तुमच्याविरुद्ध गेला असता तर?"

"गेला असता तर मोजणारा मूर्ख आहे असं मी लिहिलं असतं. नोंद पुसायची काय गरज?" त्यांनी चप्पल दोन बोटांनी उचलून जरा वळवली. "घाबरायचं तर त्या ओळीला बाकीचे घाबरले होते."

ती ओळ मलाही पाठ होती. आठ दिवसांपूर्वी थोरल्याने कट्ट्यावर खोडी काढली होती: "जो सगळ्यात जास्त बोलतो, त्याला निकाल वाचून सगळ्यात कमी बोलावंसं वाटेल." ती ओळ आपल्यालाच उद्देशून आहे असं वाटून तिन्ही तटांनी तीन दिवस धुमाकूळ घातला होता.

"तुम्हाला ती तुमच्याबद्दल वाटली नाही?"

"मी जास्त बोलते?" बाईंनी विचारलं, आणि मी निघेपर्यंत पाऊण तास त्या हेच पटवून देत होत्या की त्या जास्त बोलत नाहीत.

४

साहेबांनी मला दिवाणखान्यात बसवलं. टेबलावर सहा मोबाइल ओळीने ठेवले होते, सगळे खोक्यासकट. ते स्वतः आरामखुर्चीत बसले आणि मला एका बुटक्या स्टुलावर बसायला लावलं, त्यामुळे मला मान वर करून बोलावं लागत होतं.

"मुलीचा फोन होता. वीस मिनिटं बोललो. ती परदेशात असते. विचारा हवं तर."

"नाही, तसं नाही, मी फक्त…"

"फक्त काय? ग्रंथपाल, तुम्ही वेळ फुकट घालवताय. चोर घरातच आहे. पेंग्विनने यंत्र सुरू करण्याएवढी चिकाटी दुसऱ्या कोणाकडे असणार? आम्ही शहाणी माणसं, बटण दाबतो, काम करतो." ते रंगात आले. साहेब रंगात आले की थांबत नाहीत, हे कट्ट्यावरच्या प्रत्येकाला माहीत आहे. "ते सोंग सुरू होतं तरी कसं! आधी विचारतं भाषा कुठली. मग विचारतं कीबोर्ड कुठला. मग विचारतं, नुसतं बघून जाणार की कायमचं राहणार? अरे, लॉजच्या काउंटरवरसुद्धा एवढी चौकशी करत नाहीत! आणि वर तो हिरवा पडदा, हॉस्पिटलसारखा. मी त्या धाकट्याला कितीदा लिहिलंय, तुझी प्रणाली म्हणजे बिनकामाच्या माणसांनी बिनकामाच्या माणसांसाठी केलेली."

"तुम्ही कधी वापरली आहे का?"

"मी?" साहेबांनी छातीवर हात ठेवला. "आयुष्यात हात लावलेला नाही. लावणारही नाही."

मी आभार मानले. स्टुलावरून उठताना गुडघा दुखला. काहीतरी खटकलं होतं, पण काय ते कळत नव्हतं, आणि माझं असं नेहमीच होतं, त्यामुळे मी त्याला फारसं महत्त्व दिलं नाही.

५

दुपारी घरी येऊन मी सुनेचा टॅब मागून घेतला आणि कट्ट्यावरचं घड्याळाबद्दलचं सगळं काढून वाचायला बसलो. मला दुसरं काही येत नाही.

धाकट्याने त्यावर अकरा वेळा लिहिलं होतं, वर्षाला एकदा या हिशेबाने. सगळ्यांत सविस्तर लेख चार वर्षांपूर्वीचा. प्रत्येक कॉम्प्युटरच्या पोटात बॅटरीवर चालणारं एक छोटं घड्याळ असतं. खिडकी त्यात आपल्या गावाची वेळ ठेवते, पेंग्विन जगाची प्रमाणवेळ ठेवतो. एकाच यंत्रावर आधी हे आणि मग ते चालवलं की वेळ चुकते. पहिल्या परिच्छेदात एवढंच होतं.

तिसऱ्या परिच्छेदात त्यावरचा उपाय होता. एक छोटी सूचना आधीच पेनड्राइव्हवर घालून ठेवायची, म्हणजे पेंग्विन त्या घड्याळाला हात लावत नाही. "मी गिऱ्हाइकाच्या यंत्राला याशिवाय पेनड्राइव्ह लावत नाही," त्याने लिहिलं होतं. "दुसऱ्याच्या घरी गेल्यावर त्याचं घड्याळ फिरवून येणं हा गावंढळपणा आहे."

मी टॅब खाली ठेवला. मग परत उचलला.

लेखाखाली पहिल्या चार मिनिटांत एक्केचाळीस उत्तरं आली होती. मी जरा हळू वाचतो हे मान्य, पण तो लेख वाचायला मला सहा मिनिटं लागली. पहिलं उत्तर साहेबांचं, लेख आल्यानंतर चाळीस सेकंदांनी: "ज्याला घड्याळ लावता येत नाही त्याने कॉम्प्युटर चालवायच्या गप्पा मारू नयेत." त्यावर दोनशे जणांनी अंगठा दिला होता. दुसरं बाईंचं. सातवं खुद्द थोरल्याचं: "धाकट्या, जेवायला ये, वहिनी वाट बघतेय."

म्हणजे पेंग्विनने घड्याळ चुकतं ही अर्धी गोष्ट सगळ्यांना माहीत होती. ते चुकू कसं द्यायचं नाही हे फक्त ज्याने शेवटपर्यंत वाचलं त्याला माहीत, आणि धाकट्याला, कारण त्याने ते लिहिलं होतं. ज्याने शुक्रवारी ते यंत्र सुरू केलं, तो पेंग्विनवाला नव्हताच. कालपरवा शिकलेला कोणीतरी होता. बाकी राहिले दोघे.

तेव्हा मला साहेबांच्या दिवाणखान्यात काय खटकलं ते कळलं. साहेब गेली अकरा वर्षं पेंग्विनची टवाळी करताहेत आणि त्यांच्या टवाळीत नेहमी काळा पडदा असतो, बाईंसारखाच. मी त्यांची जुनी दोनशे उत्तरं वाचून खात्री केली. हिरवा पडदा एकदाही नव्हता. काउंटरवरची चौकशी एकदाही नव्हती.

मी धाकट्याला फोन केला. तीनदा नंबर लावून दोनदा कापला.

"त्या पेंग्विनच्या पेनड्राइव्हवर सुरुवातीला हिरवा पडदा येतो का? नुसतं बघणार की कायमचं राहणार असं विचारतं का?"

"नव्या आवृत्तीत विचारतं," धाकटा म्हणाला. "पण ती येऊन तीन आठवडे झालेत. मी अजून कट्ट्यावर लिहिलेलंही नाही. तुम्हाला कुठे दिसली?"

६

रविवारी पाच वाजता दुकानात पंधरा-सोळा जण दाटीवाटीने उभे होते. निकाल नाही हे सगळ्यांना माहीत होतं, तरी सगळे आले होते, कारण भावाला भाऊ हाकलतो ते बघायला मिळणार होतं. धाकटा पेटी हातात घेऊन दाराशी उभा होता. तो फक्त वहिनींनी सांगितलं म्हणून थांबला होता.

"बोल," थोरला म्हणाला.

"माझ्याकडे बोलायला काही नाही."

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. मी रात्रभर जे पाठ केलं होतं ते सगळं विसरलो. फक्त एकच प्रश्न राहिला होता, तो मी थोरल्याला विचारला.

"नोंद गेली, पण क्रम तर तुम्हाला आठवत असेल? पहिलं कोण आलं होतं?"

"त्याने आता काय होणार?"

"सांगा ना हो," वहिनी म्हणाल्या. "वडीलधारे विचारताहेत."

थोरल्याने खांदे उडवले. "खिडकी पहिली. सफरचंद दुसरं. हा शेवटचा." त्याने दाराकडे हनुवटी केली. "म्हणून तर मला कळलं. शेवटचं यायचं होतं ते यालाच."

"शेवटचा?" धाकटा म्हणाला. "तुझी मोजणी तपासून घे."

पण लोक त्याच्याकडे बघत नव्हते. साहेब गर्दीतून पुढे आले होते.

"खिडकी पहिली?" ते म्हणाले. "मग तुम्ही ते तसं का लिहिलंत? सगळ्यात जास्त बोलतो वगैरे?"

"ते मी माझ्या भावाला लिहिलं होतं."

"अहो, मग नाव तरी घालायचं! मी उगाच…"

साहेब थांबले, पण उशिरा. 

मग मी सांगितलं, अडखळत आणि बरंचसं उलटसुलट क्रमाने: तिसरा परिच्छेद, हिरवा पडदा, तीन आठवडे. साहेब मध्येच म्हणाले की त्यांनी ते कुठल्यातरी व्हिडिओत बघितलं असेल. फोटोवाल्या बाई म्हणाल्या, "साहेब, आयुष्यभर ज्याला शिव्या दिल्या त्याच्याकडूनच चोरी शिकलात, आणि तीही अर्धवट. स्वतःचाच पहिला नंबर पुसून आलात!"

"मला काय माहीत?" साहेब ओरडले. "मी फाइल उघडून बघितली नाही. हरलो असेन तर वाचायची कशाला?"

त्यावर एवढं हसणं झालं की साहेबांना वाट काढत बाहेर जाताना कोणी अडवलंही नाही. जाताना एका शहाण्याने त्यांना विचारलं, कायमचे जाताय की नुसतं बघून जाताय?

हसणं ओसरलं तेव्हा धाकटा अजून दाराशीच होता, आणि पेटी अजून त्याच्या हातात होती.

"ठेव ती खाली," थोरला म्हणाला.

"का? चोर सापडला म्हणून?"

"चुकलं माझं."

"तुझं घड्याळ चुकलं होतं तेव्हा तू मला विचारलं नाहीस, दादा. साहेबांनी तो लेख वाचला नाही हे समजू शकतो. माझ्याच ताटात जेवणाऱ्याने वाचला नाही. मी काय लिहितो ते अकरा वर्षं तू बघितलंच नाहीस. फक्त जेवायला बोलावलंस." त्याचा आवाज चढला नाही. "आणि लाज वाटते म्हणून लिहिलंस. चार हजार लोकांसमोर. आता इथे पंधरा लोकांसमोर चुकलं म्हणतोस."

 थोरला काउंटरवरच्या कॉम्प्युटरसमोर बसला, चष्मा लावला आणि एकेका बोटाने लिहायला लागला. आम्ही सगळे पडद्याकडे बघत उभे होतो. "चोर माझा भाऊ नाही. मी न विचारता…" इथे तो थांबला. त्याला अक्षर सापडत नव्हतं. बराच वेळ बोट कीबोर्डवर फिरत राहिलं. मग "आरोप केला" असं लिहिलं, एक ओळ खोडली, परत लिहिली. "त्याचं लिहिलेलं वाचलं असतं तर ही वेळ आली नसती. मला माफ कर, असं मी त्याला इथे सगळ्यांसमोर म्हणतो." आणि पाठवलं.

पहिलं उत्तर दहा सेकंदांत आलं. कोणी पेंग्विनवाला होता. "ते जाऊ द्या. जिंकलं कोण?"

दुसरं: "खिडकी पहिली म्हणे. मोजणारा विकला गेलाय."

तिसऱ्याने दोघांना मूर्ख म्हटलं. चौथ्याने तिसऱ्याला. थोरला आ वासून बघत होता. त्याने उत्तर द्यायला हात पुढे केला आणि परत अक्षर शोधायला लागला.

धाकटा दारातून आत आला. काउंटरवर पेटी आदळून त्याने थोरल्याच्या खुर्चीला गुडघा लावला.

"सरक," तो म्हणाला. "तुझं टायपिंग बघवत नाही."